उंबऱ्यात आडवी आपा आणि तुर्सुनचा अल्बम

तुर्सुन जन्मला तेव्हा त्याच्या आईची, बुरुल्चाआपाची, दोन मोठी पोरं वाढत होती, पण त्यांच्यानंतरची तीन पाळण्यातच गेलेली होती. म्हणून याचं नाव ठेवलं तुर्सुन, म्हणजे 'राहो'. असं नाव ठेवलं की पोर टिकतं, असं आमच्याकडे म्हणतात. टिकलं. इतकं टिकलं की छत्तिशी आली तरी त्या घरातून हललं नाही, आणि हलायला निघालं तेव्हा काय झालं तेच सांगायला बसलोय.

गल्लीतलं शेवटचं, निळ्या खिडक्यांचं घर त्यांचं. समोरचं माझं. लोक माझ्याबद्दल म्हणतात, मुकाश आके, म्हणजे मुकाशकाका, घरात राहत नाही, खिडकीत राहतो. खोटं नाही. अख्खी उमर खिंडीतून ट्रक हाकला, आता गुडघे गेले. मग माणसानं डोळ्यांनी तरी फिरू नये का?

धाकट्या मुलानं आईबापाची चूल सांभाळायची, ही आमची रीत. थोरल्यांना पंख फुटतात, धाकट्याला घर मिळतं. बुरुल्चाआपाचा थोरला मॉस्कोत टॅक्सी चालवतो, मधला बिश्केकला टायर विकतो, आणि दोघंही फोनवर आईवर फार प्रेम करतात. तुर्सुन पण दोन वर्षं बिश्केकला होता. चौघा पोरांनी मिळून गाण्याचा अड्डा जमवला होता. एकाच खोलीत राहायचे, एकाच पातेल्यात नूडल्स उकडायचे आणि भिंतीपलीकडची म्हातारी झाडू आपटेपर्यंत वाजवायचे. मग बाप गेला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुर्सुन आला, पाहुण्यांची ताटं उचलली, दुसऱ्या दिवशी मेंढ्यांना गवत घातलं, तिसऱ्या दिवशी घातलं, आणि ते गवत तो आजपर्यंत घालतोय.

पण गाणं सुटलं नाही. घरात टीव्हीपुढे आपा, म्हणून हा आजोबांचा तीन तारांचा कोमुझ घेऊन मेंढवाड्यात जाऊन बसायचा. कोपऱ्यात खुंटीला फोन अडकवायचा आणि गायचा. गळा काही फार गोड नाही त्याचा. थंडीत दार कुरकुरतं ना, त्या जातीचा आहे. पण ऐकताना माणूस हातातलं काम थांबवतो. मागून मेंढ्या रवंथ करतायत, एखादी खोकतेय, वारा पत्र्यावर चालतोय, ते सगळं त्यात यायचं. गावात नेट धड नाही. कबरस्तानाच्या टेकडीवर मात्र चांगलं येतं. त्यामुळे आमच्या गावचं गाणं बापजाद्यांच्या कबरींमधून बाहेर जातं. मी एकदा विचारलं, "काय रे, मेलेल्यांना आवडतं का?" तर म्हणाला, "अजून कुणी उठून गेलं नाही, आके."

हे सगळं जायचं बेगीमायकडे. ही बिश्केकची मुलगी. बापाच्या गॅरेजातून गाडी बाहेर काढून तिनं तिथं यंत्रं मांडली आणि ज्यांना मोठे कंपनीवाले दारात उभं करत नाहीत, त्यांची गाणी काढायला लागली. ओशची एक पोरगी, आईच्या शिवणयंत्राच्या ठेक्यावर गाते. तलासचे दोघे भाऊ, दिवसभर राजमा खुडतात आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार बडवतात. काराकोलचे एक मास्तर आहेत, त्यांची गाणी शाळेच्या घंटेएवढीच लांब. लग्नात असलं काही वाजवलं तर पाहुणे मटण टाकून उठतील! पण शहरातली पोरं वर्षभर या अल्बमांची वाट बघतात. दर शरदात बेगीमाय सगळे नवे अल्बम एकाच दिवशी बाहेर सोडते. बंद पडलेल्या नमद्याच्या, म्हणजे लोकरी गालिच्यांच्या, कारखान्यात सगळे जमतात, ज्याचा अल्बम त्यानं समोर उभं राहून तीन गाणी म्हणायची. तिचा नियमच आहे तसा: ज्यानं गायलं तो समोर दिसला पाहिजे. जो आला नाही, त्याचा अल्बम पुढच्या शरदावर.

तुर्सुनचा अल्बम दोनदा पुढच्या शरदावर गेला.

पहिल्या वेळी निघायच्या दिवशी आपाच्या छातीत कळ आली. नारीनहून डॉक्टर आला, नाडी बघितली, ताटातले बोरसोक बघितले आणि म्हणाला, "आजी, तळलेलं कमी करा." दुसऱ्या वेळी ती शिडीवरून पडली. शिडीच्या खालच्या पायरीवरून. मी खिडकीत होतो, मला माहीत आहे. आधी तिनं खाली चादर पसरली होती. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे घरी सोडून कुणाला नाही.

उन्हाळ्यात बेगीमाय स्वतःच गावात आली. केस डोक्याच्या एकाच बाजूला, दुसरी बाजू भादरलेली. आपानं तिला जेवायला वाढलं, तिनं ताट पुसून खाल्लं, भांडी घासली, मेंढवाड्यात जाऊन मेंढ्यांचे आवाज वेगळे भरून घेतले. ती गेल्यावर आपा मला म्हणाली, "पोरगी कामसू आहे रे मुकाश. अर्धे केस आले की सून म्हणून चालेल."

"आणि ती इथं नांदायला येईल?"

"मी आले नव्हते?"

तिच्या या 'आले'त काय होतं, ते पुढे येईलच.

आपाला जे माहीत नव्हतं ते तुर्सुननं मला टेकडीवर सांगितलं. बेगीमायनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हा तिसरा शरद. या वेळी आला नाही तर 'मेंढवाडा' हा अल्बम निघणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला. दुसरी, गॅरेजच्या मागे एक खोली रिकामी आहे, खाट आहे, हिटर आहे. ये, राहा, बाकीच्यांची गाणी भरायला मला माणूस हवाच आहे. "आके," तो म्हणाला, "मी जातोय तो परत न येण्यासाठी. मधला भाऊ हिवाळ्यात येऊन मेंढ्या बघतो म्हणालाय. आपाला तिथं गेल्यावर फोनवर सांगीन."

"समोर सांग की."

"समोर सांगितलं तर मी जाईन का?"

खरं होतं. आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही, मग गळा कुठून उघडणार.

त्यानं सगळं नीट जमवलं होतं. ज्यापारच्या टॅक्सीत जागा धरली, कोमुझ पोत्यात गुंडाळला, गवताच्या गंज्या हाताशी लावून ठेवल्या. आपा त्या दिवशी ठणठणीत होती, गुणगुणत चहा ओतत होती. तुर्सुनला वाटलं, सुटलो. पण एक चूक केली. पिशवीत हिवाळ्याचे बूट भरले. दोन दिवसांच्या शहरवारीला फेल्टचे बूट कोण नेतं? आपानं सकाळी खुंटीखालची जागा रिकामी बघितली. उशी घेतली, गोधडी घेतली, आणि दाराच्या उंबऱ्यात आडवी झाली.

आता आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला ओलांडायचं नाही. तुमच्याकडेही नसेल. पण आमच्याकडे ओलांडणाऱ्याला जो शाप लागतो म्हणतात, तो सात पिढ्या उतरत नाही. पूर्वी लग्नासाठी पळवून आणलेली मुलगी घरी परत जायला निघाली की घरातली म्हातारी अशीच उंबऱ्यात आडवी व्हायची. बुरुल्चाआपा स्वतः त्याच उंबऱ्याला अडकलेली. तिची सासू तिथं आडवी पडली होती, दिवस मावळेपर्यंत. मी तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला, भिंतीवर बसून बघत होतो. सतरा वर्षांची बुरुल्चा दारात उभी राहून रडली, रडली आणि मग मागे फिरून तिनं चुलीवर चहा ठेवला.

तर ज्यापार दारात हॉर्न वाजवतोय, तुर्सुन आत पिशवी घेऊन उभा, मधे आपा. गल्ली जमली. मला बोलावणं आलं, कारण गल्लीत आपापेक्षा वयानं मोठा मीच उरलोय.

"बुरुल्चा," मी म्हणालो, "थंडी लागेल. ऊठ."

"गोधडी आहे."

"पोराचं गाणं आहे तिथं."

"इथंही आहे. मी काय त्याचं तोंड बांधलंय? गाऊ दे की मेंढ्यांना."

आतून तुर्सुन म्हणाला, "आपा, दोन दिवसांत येतो."

"दोन दिवसांत येतोस, मग बूट कशाला घेतलेस?"

आत पिशवीचा बंद आवळल्याचा आवाज आला.

"बोल ना. गवई आहेस ना मोठा?"

ज्यापार ओरडला, "आपा, माझ्या गाडीत चार माणसं आहेत! खिंडीत बर्फ यायच्या आत पोचायचंय!"

"मग जा की. तुला कोण आडवं आलंय?"

गाडीच्या मागच्या सीटवरून बटाट्यांच्या पोत्यावर बसलेली एक एजे, म्हणजे पोक्त बाई, खिदळली. तिच्या भाड्याचे सगळे पैसे इथंच वसूल झाले होते. मी हळूच तुर्सुनला विचारलं, "खिडकी?"

"आपानं यंदा उन्हाळा सरतानाच चिकटवल्या, आके." खरंच. थंडीसाठी फटींना कागद आणि खळ लावतो आपण, तो यंदा सगळ्या गावाच्या आधी तिनं लावला होता, दुहेरी. आणि मागच्या खिडकीला आडवी बापाची जुनी चामड्याची वादी पण ठोकली होती. मेंढी बाहेर पडणार नाही, गवई कुठून पडतो?

मग आपा आढ्याकडे बघत म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळा झाला, "मुकाश, तू भिंतीवर बसला होतास त्या दिवशी. मी ओलांडलं का माझ्या सासूला? मलाही आई होती नारीनला. मलाही शिकायचं होतं, परिचारिका व्हायचं होतं. मी थांबले ना? मग हा का नाही थांबत?"

आतून तुर्सुनचा श्वास ऐकू येत होता, घोड्यासारखा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आपाच्या पलीकडे, दोन हातांच्या अंतरावर उभा होता तो. पण समुद्र मधे असावा तसा.

तेव्हा मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, हात आपोआप वर गेले. मी म्हणालो, "बरं. तू जाऊ देऊ नको. पण पोर वाटेला लागायला निघालंय, बिनआशीर्वादाचं उभं राहू नये. तू देत नसलीस तर मी देतो. वयानं मोठा आहे." आणि दोन्ही तळवे उघडे करून समोर धरले.

मोठ्या माणसाचे तळवे उघडले की आमच्याकडे समोरच्याचे उघडतातच. ज्यापारनं स्टिअरिंग सोडलं. बटाटेवाल्या एजेनं हात पुढे केले. कुंपणावरच्या बायका, सगळे. मी म्हणायला लागलो. माझ्या बापानं मला घाटात पाठवताना म्हटलेला, त्याच्या बापानं त्याला म्हटलेला, एका दमातला:

"वाट पांढरी होवो. सोबती भले भेटोत. वाटाड्या पीर खिज्र रस्त्यात हात धरो. शब्द गोड लागो, ऐकणाऱ्याचं मन उघडो. गेल्या पायांनी परत येवो. बापाच्या जागी बसो, चूल विझू न देवो. ओमीन!"

"ओमीन!" सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले.

आणि आपानंही फिरवले. आडव्या आडव्या, उशीवर डोकं, गोधडीतून दोन्ही हात वर आले, कपाळावरून हनुवटीपर्यंत उतरले, आणि "ओमीन" म्हणून गेली. सत्तर वर्षांची सवय. जेवल्यावर, जन्मावर, मरणावर, मेंढी कापताना, दिवसातून दहा वेळा जे हात वर जातात, ते कुणाला विचारून जात नाहीत.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग ज्यापार गाडीतून निम्मा बाहेर येऊन ओरडला, "आपानं ओमीन केलं! आपानं वाटेला ओमीन केलं!"

कुंपणावरच्या बायका किंचाळल्या. आपा स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली, शेजारणीचे हात चुकून आपल्या अंगाला लागलेत तशी. वाटेला ओमीन म्हटल्यावर त्याच वाटेत पडून राहायचं म्हणजे देवाशी भांडण. ती उठली. गोधडीची घडी घातली, उशी काखेत धरली आणि बाजूला झाली.

मला म्हणाली, "लबाड म्हाताऱ्या."

मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. तुर्सुननं पाय उचलला, उंबऱ्याच्या बाहेर ठेवला, आणि मला वाटलं, झालं, उडाला.

"तुर्सुन," आपा म्हणाली. ओरडून नाही, मीठ मागावं तशी. "तूही हात फिरवलेस ना रे?"

तो थांबला.

"मी खालून बघत होते. नीट फिरवलेस. सगळ्याला ओमीन केलंस. गेल्या पायांनी परत येण्याला, बापाच्या जागी बसण्याला, चुलीला. की तेवढं वगळून केलंस?"

तुर्सुननं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? तो आशीर्वाद असाच आहे, अख्खा. अर्धा आशीर्वाद आमच्याकडे कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही, आणि अर्ध्यावर हात मिटता येत नाहीत.

आपानं त्याच्या हातातली पिशवी घेतली, उघडली, फेल्टचे बूट काढले आणि खुंटीखाली होते तिथं जोडीनं ठेवले. त्यांच्या जागी पिशवीत बोरसोक भरले, वर सुकवलेल्या दह्याचे खडे टाकले. "वाटेत खा," म्हणाली. "ज्यापारलाही दे, उगाच ओरडून घसा बसला असेल त्याचा."

पुढचं मी पाहिलं नाही, ज्यापारनं पाहिलं. परतीची भाडी मिळेपर्यंत त्याला शहरात थांबायचंच होतं, म्हणून तोही कारखान्यात गेला. आल्यावर तीन संध्याकाळी तो हेच सांगत होता. "आके, बसायला खुर्ची नाही, खायला काही नाही, इतकी माणसं जमवली आणि एक मेंढी कापली नाही! असला कसला सोहळा?" पण तुर्सुन उभा राहिला तेव्हा ज्यापारच म्हणतो, की गलका बसला. मास्तरांची गाणी झाली होती, शिवणयंत्राची पोरगी होऊन गेली होती, तिला फार टाळ्या पडल्या होत्या. तुर्सुननं कोमुझ पोत्यातून काढला, पोतं पायाशी घडी करून ठेवलं आणि तीन गाणी म्हणाला. गाणी संपली. एका पोरानं मागून विचारलं, "मेंढ्या कुठायत?" सगळे हसले. तुर्सुनही हसला. ज्यापार म्हणतो, त्याला इतकं मोठं हसताना त्यानं शाळेनंतर बघितलं नव्हतं.

अल्बम निघाला. त्याच संध्याकाळी अल्माटीपर्यंत गेला.

मग बेगीमायनं त्याला मागची खोली दाखवली. ज्यापार दारात होता, त्याला निघायची घाई. खाट, हिटर, खिडकी, आणि खिडकी उघडी. तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. तुर्सुननं ती मुठीत धरली, खाटेवर बसून बघितलं, गादी दाबून बघितली, हिटर लावून बघितला, बंद केला. आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"मी ओमीन करून आलोय," म्हणाला.

तिला आधी थट्टा वाटली. मग त्यानं सगळं सांगितलं. अर्धे केस भादरलेली असली तरी पोरगी आमचीच. हसणं तिथंच थांबलं. म्हणाली, "माझी आजी असती तर तिनंही उंबरा धरला असता." मग थोड्या वेळानं, "पण तुर्सुन, नुसती सवय होती रे ती. हात वर गेले, एवढंच."

"आपाचेही नुसते वर गेले होते," तो म्हणाला. "तरी ती उठली ना. मग मी कसा बसू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्यापारची गाडी गल्लीत आली. मी खिडकीत होतोच. तुर्सुन उतरला, पोतं घेतलं, घरात गेला. उंबरा रिकामा होता. थोड्या वेळानं मेंढवाड्याकडून गवत झटकल्याचा आवाज आला.

यंदाच्या नव्या अल्बमांत 'मेंढवाडा' सगळ्यात जास्त ऐकला गेला म्हणे. ताश्कंदहून, दुशान्बेहून माणसं त्याला निरोप पाठवतात: तू कुठे वाजवणार, कधी येणार? तो टेकडीवर जाऊन वाचतो आणि खाली येतो. मधला भाऊ काही हिवाळ्यात आला नाही. टायर विकायचा हंगाम असतो ना. आपाला मी माझ्या फोनवर अख्खा अल्बम ऐकवला. डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, आता रडणार. तिसऱ्या गाण्याला डोळे उघडून म्हणाली, "ही खोकणारी आपली करडी मेंढी. बघ, तेव्हापासून आजारी आहे आणि यानं मला सांगितलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी करडीला औषध पाजलं. बाकी अल्बमबद्दल तिचं काही म्हणणं नाही.

परवा दुपारी तुर्सुन माझ्याकडे आला. चहा प्याला, पुरे म्हणून वाटी उलटी करून ठेवली. गप्पा झाल्या, गवताच्या, बर्फाच्या. मग म्हणाला, "मुकाश आके, मला आणखी एक आशीर्वाद द्या."

"देतो की. कसला?"

"जाण्याचा. नुसता जाण्याचा. परत येण्याचं त्यात नको."

मी तळवे उघडले. त्यानंही उघडले, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी सुरुवात केली, वाट पांढरी होवो, सोबती भले भेटोत. इथवर आलो आणि पुढे तेच यायला लागलं, गेल्या पायांनी, तेव्हा तोंड मिटलं. दुसरं काही शोधायला लागलो. बापाचे आठवले, आजोबांचे आठवले, लग्नाचे, सैन्यात जाणाऱ्याचे, मुलगी सासरी पाठवण्याचे. परत येऊ नकोस असं म्हणणारा एक मिळेना. इतक्या म्हाताऱ्यांचा मी वारस आणि तेवढं एक वाक्य कुणी मागं ठेवलेलं नाही.

तुर्सुनचे हात तसेच पुढे. त्याला वाटलं असावं, म्हातारा आठवतोय. पण उघडलेले हात रिकामे मिटायचे नसतात. तेव्हा मी म्हणालो, "मेंढ्या सुखरूप राहोत. कोकरं जुळी होवोत. करडीचा खोकला जावो. ओमीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तळवे तोंडावरून फिरवले, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"ओमीन," म्हणाला, आणि गवत घालायला गेला.